क्लीअरिंग सॉ की ब्रशकटर? मुरबाडच्या अडीच एकरांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला ऐरोलीला, जमीन मुरबाड तालुक्यात, अडीच एकर वरकस (हलकी, माळाची). चार पावसाळे तिला कोणी हात लावलेला नाही. खालच्या अंगाला कमरेएवढं गवत, मधल्या पट्ट्यात रानमोडी आणि घाणेरी, वरच्या बांधाकडे सुबाभळीचं बेट. त्यातली काही खोडं मनगटाएवढी. दुकानदार ५२ सीसीचा ब्रशकटर (लांब दांड्याच्या टोकाला पातं फिरवणारं, गवत-झुडपं कापायचं मशीन) दाखवतोय, सोबत ८० दातांचं पातं फुकट. ओळखीचे लोक म्हणतात, असल्या रानाला क्लीअरिंग सॉ (खोडं कापायला बनवलेलं तसलंच मशीन) हवा. कोणतं घ्यावं?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. विकत घ्यायचा तो ४० ते ४५ सीसीचा, सायकलसारख्या दोन मुठींचा, सरळ दांड्याचा ब्रशकटर. मात्र त्याच कंपनीचं करवतीचं पातं आणि त्या पात्याचा गार्ड मिळत असेल, तरच. निव्वळ जंगलकामाचा क्लीअरिंग सॉ अडीच एकरांसाठी विकत घेऊ नये. सुबाभळीचं बेट मोठं निघालं, तर क्लीअरिंग सॉवाल्या माणसाला चार दिवस बोलवा. तुमच्या जमिनीत करवतीचं काम एकदाच आहे, गवताचं मात्र दरवर्षी.

आता फरक बघू. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात: इंजिन, दांडा, टोकाला गिअर आणि पातं. सीसीवरून काही कळत नाही. खरा फरक टोकाच्या गिअरच्या कोनात आहे. हुस्कवर्नाचं उदाहरण घ्या. ५४५ एफएक्स आणि ५४५ आरएक्स या दोन मशीनचं इंजिन एकच, ४५.७ सीसी, २.२ किलोवॅट. एफएक्स जंगलासाठी, आरएक्स गवत-झुडपांसाठी. एफएक्सच्या गिअरचा कोन २४ अंश, आरएक्सचा ३५. या ११ अंशांनी मशीनचा स्वभावच बदलतो.

उभ्याने मशीन कमरेला लटकवलं की दांडा जमिनीकडे बराच उतरता येतो. ३५ अंशांच्या गिअरमुळे पातं त्या स्थितीत जमिनीला समांतर राहतं आणि गवत सपाट कापलं जातं. २४ अंशांचं मशीन तसंच धरलं तर पात्याची पुढची कड खाली झुकते आणि मातीत घुसते. ती वर ठेवायला माणसाला वाकावं लागतं. पण खोड कापताना हाच कोन कामी येतो. पातं दांड्याच्या रेषेत जास्त असल्यामुळे ते डावी-उजवीकडे सहज तिरकं करता येतं आणि अंगाचा जोर थेट खोडात जातो. म्हणून एफएक्सने गवत कापणारा तासाभरात कंबर धरून बसतो. आरएक्सने दिवसभर खोडं कापणाऱ्याचं मनगट जातं. ४० सीसीच्या पुढची चांगली ब्रशकटर मशीन दोन्ही कामं करतात, पण करवतीचं काम दुय्यम म्हणून. तुमच्या जमिनीला तेवढं पुरतं.

दुसरा फरक गार्डचा. लोक इकडे बघतच नाहीत. गवताच्या पात्याचा गार्ड म्हणजे पायाकडे येणारा कचरा अडवणारी रुंद प्लास्टिकची ढाल. करवतीच्या पात्याचा गार्ड धातूचा, लहान, आणि त्याचं काम निराळं. कापताना तो खोडाला टेकवायचा असतो. त्यामुळे पातं लाकडात जाताना मशीन उसळत नाही आणि कापलेलं खोड त्याच गार्डने पुढे ढकलता येतं. प्लास्टिकची ढाल ठेवून वर करवतीचं पातं चढवलं, तर टेकू नाहीच. पहिल्या झटक्याला ढाल फुटते. दुकानदाराकडे सॉ गार्ड मागा. ‘त्याची गरज नसते’ असं तो म्हणाला, तर त्या मशीनने लाकूड कापायचं नाही.

आता सीसीचा मुद्दा. दुकानातल्या बहुतेक स्वस्त ५२ सीसी मशीनच्या इंजिनावर ‘१ई४४एफ-५’ अशा धाटणीचा क्रमांक असतो. त्यातला ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. सीसी भरतात ५१.७ आणि ताकद मिळते साधारण १.४ ते १.५ किलोवॅट. वरचं हुस्कवर्ना किंवा स्टिलचं एफएस ४६० सीसीने लहान आहे, तरी २.२ किलोवॅट देतं. म्हणजे आकड्यात ५२ मोठा आणि कामात तो दीडपट मागे. बिल करण्याआधी किलोवॅट किंवा एचपी विचारा (१ किलोवॅट म्हणजे १.३४ एचपी). किंमत अर्थात कित्येक पट फरकाने आहे, आणि वर्षातून सहा दिवस गवत कापणाऱ्यासाठी स्वस्त मशीन चूक नाही. चूक होते ती त्याला करवत समजण्यात.

फुकटच्या ८० दातांच्या पात्याबद्दल. त्याच्या प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा झाळलेला असतो. वाळकं, ताठ गवत, भाताचं खुंट, ज्वारीचं ताट यांना ते बरं. ४० दातांचं तसलंच पातं अंगठ्याएवढं लाकूडही कापतं. पण आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची. मुरबाड-शहापूरकडे बांध म्हणजे दगडांची रास, आणि चार वर्षं पडीक जमिनीत ते दगड घसरून गवतात लपलेले असतात. कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ. दगडाला लागलं की टोक उडतं. २५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर कडेचा वेग सेकंदाला ९३ मीटर होतो, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वर. तो तुकडा पँट भेदून मांडीत जातो. दगडांच्या जागी साधं तीन दातांचं पोलादी पातं बरं. ते बोथट होतं, वाकतं, पण त्याचे तुकडे सहसा उडत नाहीत.

साखळीचे तुकडे जोडलेली ‘पाती’ हल्ली सर्रास विकली जातात. ती घेऊच नका. कडी निसटली की ती बंदुकीच्या गोळीसारखी जाते. युरोपीय संघाने हातातल्या ब्रशकटरसाठी असल्या जोडणीच्या पात्यांवर २०१२ साली बंदी घातली ती याचसाठी.

मशीन निवडण्याआधी एक दिवस जमिनीवर द्या. तीन वेगवेगळ्या जागी ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखा. हा चौकोन साधारण पाव गुंठा भरतो. घोट्याच्या उंचीला खोडं मोजा: अंगठ्यापेक्षा (२ सेंटिमीटर) जाड किती, आणि ५ सेंटिमीटरपेक्षा जाड किती. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, तेव्हा तीन चौकोनांची सरासरी काढून तिला ४०० ने गुणलं की सगळ्या जमिनीचा अंदाज येतो. सुबाभळीचं बेट वेगळं मोजा, नाहीतर सरासरी फसवते. आमचा आडाखा असा: चौकोनात अंगठ्यापेक्षा जाड खोडं पाच-सहाच असतील, तर करवतीचं पातंही नको, ती खोडं हातकरवतीने किंवा कोयत्याने निघतात. वीस-तीस असतील तर ब्रशकटरला करवतीचं पातं. त्याहून दाट, आणि तेही पाच-सहा एकरांच्या पुढे, तर क्लीअरिंग सॉचा विचार. ७ सेंटिमीटरपेक्षा जाड खोड या कोणत्याच मशीनचं काम नाही. तिथे चेनसॉ.

कशाला काय लावायचं ते आता.

खालच्या गवताला नायलॉनची दोरी, २.४ किंवा २.७ मिलिमीटर. दोरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. कपाटात वर्षभर सुकलेली दोरी ठिसूळ होते, आणि बॉबिनमध्ये तापून वेटोळी एकमेकांना चिकटतात. मग डोकं जमिनीवर ठोकलं तरी दोरी बाहेर येत नाही. पावसाळ्यातलं ओलं गवत गिअरच्या मानेभोवती दोरखंडासारखं आवळतं. दर पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून ते काढायचं. न काढल्यास गिअरची सील तापते, ग्रीस वितळून बाहेर येतं आणि गिअर कोरडा फिरतो.

कमरेच्या वरचं जून गवत आणि रानमोडी यांना तीन दातांचं पातं. रानमोडीचं खोड ठिसूळ, अंगठ्याएवढं असलं तरी एका फटक्यात तुटतं. तिथे करवत लावून वेळ घालवू नका. ती फुलावर येते थंडीत आणि त्यानंतर तिचं बी वाऱ्यावर उडतं. म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फूल धरण्याआधी कापली तर पुढच्या वर्षीचं अर्धं काम वाचतं. फेब्रुवारीत कापली तर बी पेरण्याचं काम तुम्हीच केलं.

घाणेरीची गोष्ट निराळी. एका ठोंबातून पंधरा-वीस फांद्या, काटेरी, एकमेकींत गुंतलेल्या आणि रबरासारख्या लवचिक. थेट बुंध्याला करवत लावली की वरचा भार पात्यावर बसतो आणि पातं अडकतं. आधी तीन दातांच्या पात्याने वरून खाली थर काढत यायचं: छातीपासून गुडघ्यापर्यंत दोन-तीन फटक्यांत. मशीन ताकदीचं असेल, तर टोकं खाली वळलेलं श्रेडर पातं यासाठी उत्तम. त्याला ४० सीसीच्या वरचं चांगलं इंजिन लागतं. गुडघ्यापर्यंत उतरलं की बुंधे उघडे पडतात. मग करवत. घाणेरीचा कचरा गुरं चरतात तिथे टाकू नका. तिचा पाला गुरांना विषारी आहे. सुबाभळीच्या पाल्याला उलट शेळ्यावाले स्वतः येतात. काटक्या-डहाळ्या पाड्यावरचे लोक राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) नेतात का, तेही विचारा. नेत असतील तर ओढून टाकण्याची मजुरी वाचते.

पण एवढं करून घाणेरी मरत नाही. कापलेली घाणेरी पहिल्या पावसाला दुप्पट फुटते. ती मारायची तर मुळावर यावं लागतं. खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीतून नवे फुटवे येतात. जमिनीच्या तीन-पाच सेंटिमीटर खाली कुदळीने मुख्य मूळ तोडायचं, ठोंब उपटायचा आणि मुळं वर करून उलटा ठेवायचा. सरळ ठेवला तर पावसात पुन्हा रुजतो. हे काम जून-जुलैत, माती मऊ असताना. म्हणून मशीनने कापताना घाणेरीचा बुंधा वीतभर ठेवा. धरून ओढायला हात लागतो.

सुबाभळीला वीतभर ठेवू नका. ती जमिनीलगत, सपाट कापायची. कोयत्याचा घाव तिरका बसतो आणि मागे सुळ्यासारखा खुंट राहतो. तो चपलेतून पायात आणि ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो. करवतीचं पातं नीट धरलं की सपाट कापतं, आणि करवत लावायचं निम्मं कारण हेच आहे. खुंट फुटणार हे धरून चला. फुटवे गुडघ्याएवढे झाले की पुन्हा कापायचे, पावसाळ्यात दोन-तीनदा. ते तोडायला तीन दातांचं पातं पुरतं. जमिनीतलं बी मात्र वर्षानुवर्षं उगवत राहतं; बोटभर रोपं पावसात हाताने उपटणं हाच उपाय. मशीनने ती कापत बसलात तर खाली मूळ जाड होत जातं.

बांबूच्या बेटाला करवत लावू नका. कांब पोकळ असते, ताणलेली असते, चिरफाळते, आणि चिरफळ्या तोंडाकडे येतात. करवंदीची जाळी बांधावर असेल तर तशीच राहू द्या. फुकटचं कुंपण आहे, वर मे महिन्यात करवंदं. कापलीच, तर तिचा चीक पात्यावर चिकटून दात भरतात. दिवसाअखेर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून काढा.

खाजकुइली बघून घ्या. शेंगा सोनेरी-तपकिरी, मखमलीसारख्या, वेलावर घोसाने लटकतात. वाळलेल्या शेंगेवर पातं पडलं की ती कुसं हवेत उडतात आणि मानेपासून कंबरेपर्यंत घुसतात. शेंगा पिकलेल्या असतील तर वेल बुंध्याशी कोयत्याने तोडून ठेवा आणि त्या पट्ट्यात शेंगा गळून जाईपर्यंत जाऊ नका. लागलीच, तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून ओढली की कुसं निघतात, मग पाणी.

आता करवतीचं पातं चढवण्याचं. इथे चुका फार होतात, म्हणून सावकाश.

पात्याचं भोक आधी मोजा. स्वस्त मशीनचं भोक २५.४ मिलिमीटरचं असतं. हुस्कवर्ना आणि स्टिलच्या जंगलकामाच्या पात्यांचं बहुधा २०. मोठ्या भोकाचं पातं छोट्या बसक्यावर (गिअरवरच्या, भोकात बसणाऱ्या गोल उंचवट्यावर) कुठलीतरी वॉशर भरून बसवलं, की ते मध्यावर राहत नाही. मशीन थरथरतं, हात बधिर होतात आणि गिअरचं बेअरिंग महिनाभरात खडखडतं. पातं बसक्यावर ‘टक्’ करून बसलं पाहिजे आणि नट लावण्याआधी बोटाने हलवून बघितल्यावर हलता कामा नये.

नट डाव्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो, उलट दिशेने आवळतो. दर दुसऱ्या मशीनवर नटाच्या कडा गोल झालेल्या दिसतात, कारण नेहमीच्या सवयीने तो ‘सोडायला’ जोर लावलेला असतो. नटाच्या आत नायलॉनची कडी असते. साधारण दहादा काढ-घाल झाली की ती सैलावते. नट निव्वळ बोटांनी फिरू लागला की फेकून द्या आणि नवा लावा. सुटा नट आणि फिरतं पातं ही जोडी कोणाच्या वाट्याला येऊ नये. दातांची दिशा फिरण्याच्या दिशेने हवी. वरून बघितलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं. उलटं लावलेलं पातंही कापतं, फक्त धूर करून, म्हणून कित्येकांना ते कळत नाही.

पट्टा दोन्ही खांद्यांचा घ्या. एकाच खांद्यावर आठ-नऊ किलो तासभर म्हणजे पाठीचं दुखणं. हूक कमरेच्या हाडाच्या थोडा खाली येईल असा पट्टा लावा. मग दोन्ही हात सोडून तोल बघा. गवताचं पातं असेल तर ते जमिनीला अलगद टेकलं पाहिजे. करवतीचं पातं मात्र जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटर वर तरंगलं पाहिजे. दांड्यावरची हुकाची कडी पुढे-मागे सरकवून हे साधतं. पातं बदललं की तोल पुन्हा बघायचा. कोणी बघत नाही आणि मग मशीन हातांनी उचलून धरावं लागतं.

कापताना पात्याला घड्याळाची तबकडी समजा, १२ वाजता तुमच्या समोर. १२ ते ३ या भागाने लाकडाला कधी हात घालायचा नाही. तिथे दात अडकला की पातं मशीनला उजवीकडे आणि मागे फेकतं, आणि पाय तिथेच असतो. खोडाला ३ ते ५ हा भाग लावायचा. झाड डावीकडे पाडायचं असेल तर पातं तिरकं करून खाली-उजवीकडे दाबत न्या. बुंधा उजवीकडे सरकतो, शेंडा डावीकडे झुकतो. उजवीकडे पाडायचं असेल तर पातं उलट बाजूला झुकवून वर-उजवीकडे. पुढे पाडायचं असेल तर पातं झटक्यात स्वतःकडे ओढा. इंजिन पूर्ण वेगात आल्यावरच पातं लाकडाला लावायचं. अर्ध्या थ्रॉटलवर लाकडात घातलं की क्लच घसरतो, ड्रम निळा पडतो आणि जवळचं प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. तो वास आला म्हणजे मशीनचं नाही, चालवणाऱ्याचं चुकतंय.

पातं अडकलं तर हिसका देऊ नका. गिअर आणि दांडा वाकतात. इंजिन बंद करा, झाड हाताने मागे रेटा, पातं काढून घ्या. ५ सेंटिमीटरच्या पुढचं खोड दोन बाजूंनी कापलं की हा प्रसंगच येत नाही.

पंधरा मीटरच्या आत दुसरा माणूस नको. आपल्याकडची सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे एकाने शेंडा धरून ओढायचा आणि दुसऱ्याने बुंध्याला मशीन लावायचं. झाड पडायला हवं तिकडे ते गार्डने ढकलता येतं. त्याला मदतनीस लागत नाही. शेंडा ओढणारा माणूस पात्याच्या रेषेतच उभा असतो.

बॅकपॅकवाल्या, लवचिक नळीच्या मशीनला करवतीचं पातं लावू नका. टेकडीच्या उतारावर गवताला ती मशीन सुखाची. पण झटका बसला की दांडा शरीराला बांधलेला नसल्यामुळे पातं कुठेही फिरतं. एकाच गोल मुठीच्या लहान मशीनचंही तेच. ३५ सीसीची फोर-स्ट्रोक मशीन आवाजाला सौम्य, ऑइल मिसळण्याची कटकट नाही, शेजाऱ्यांना त्रास कमी. फार्महाऊसचं गवत एवढंच काम असेल तर तीच घ्या. पण ताकद १ किलोवॅटच्या आसपास असते, तेव्हा लाकूड नको. तिच्यात इंजिन ऑइल जेमतेम १०० मिलिलिटर मावतं. पहिल्या १० तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी. एवढंसं ऑइल काळं पडायला वेळ लागत नाही.

पेट्रोलचं. टू-स्ट्रोकला चांगलं ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुधा २५:१ लिहिलेलं असतं, लिटरला ४०. पुस्तिकेत जे आहे तेच घाला. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ओतलेलं ऑइल सायलेन्सरच्या जाळीवर कोळसा होऊन बसतं आणि मशीन वेग घेईनासं होतं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या मशीनच्या कित्येक पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, नळ्या फुगतात. उपाय एवढाच: मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याच्या आत संपवा, आणि मशीन आठवडाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ‘गेल्या वर्षी मस्त चालत होतं, आता चालू होत नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत सापडतं. गरम इंजिनावर पेट्रोल ओतू नका, आणि ओतलेल्या जागेपासून तीन मीटर लांब जाऊन चालू करा. मार्च-एप्रिलच्या वाळल्या गवतात वणवा लागायला एवढंच पुरतं.

धार. करवतीच्या २०० मिलिमीटरच्या पात्याला ५.५ मिलिमीटरची गोल कानस. पेट्रोलच्या एका टाकीमागे दर दाताला तीन-चार हात पुरतात. आधी एका बाजूचे दात, मग उलट बाजूचे, म्हणजे एकाआड एक. ग्राइंडर लावू नका. दात निळा झाला की पोलादाचं पाणी गेलं, आणि पुढच्या लाकडात तो वाकतो. पाच-सहा धारांनंतर दातांची फाक बघा. शेजारच्या दोन दातांच्या टोकांत सुमारे १ मिलिमीटर अंतर हवं. फाक कमी झाली की पातं लाकडात घासतं, लाकूड काळं पडतं. दगड लागल्यावर पातं काढा, भोकात बोट घालून लटकवा आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारा. मडकं वाजवून घेतात तसंच. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, बहुधा दोन दातांमधल्या खोबणीत. ती चीर वेल्डिंगने भरून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडून दुसरं काहीही करून घ्या, हे नको.

गिअरमध्ये ग्रीस दर २५ तासांनी तपासा. डोक्याच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, त्यातून लिथियम ग्रीस. पोकळी तीन-चतुर्थांश भरावी, काठोकाठ नाही. पूर्ण भरली तर तापल्यावर सील फोडून बाहेर येतं. करवतीच्या कामात गिअर गवतापेक्षा जास्त तापतो, तेव्हा दुपारच्या सुट्टीत हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर ग्रीस संपत आलंय, किंवा धार गेलीय आणि तुम्ही जोराने कापताय.

अंगावर काय: जाळीची नाही, पारदर्शक प्लास्टिकची ढाल असलेलं हेल्मेट आणि आत चष्मा, कानांना मफ, नडगीला गार्ड, बूट. जाळीतून भुसा आणि खाजकुइली दोन्ही आत येतात. थरथरीचं लोक मनावर घेत नाहीत. बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं ही रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या दुखापतीची सुरुवात असते. दोन टाक्या झाल्या की माणूस बदला.

काम सुरू करण्याआधी सकाळी काठी घेऊन पूर्ण जमीन चाला. जुन्या कुंपणाची तार घाणेरीत गुंतलेली असते, आणि पात्याने उचलली तर चाबकासारखी येते. दगडांच्या राशींना चुन्याने खूण करा. तिथे फुरसं, घोणस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. गांधीलमाशीचं पोळं झुडपात मांडीच्या उंचीला लटकतं, इंजिनाच्या आवाजाने माश्या थेट तोंडावर येतात. साग, ऐन, मोह, जांभूळ, खैर, आंबा यांची रोपं आणि झाडं रिबीन बांधून वेगळी करा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ती आहेत, आणि स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर वनाची नोंद असेल तर मशीन गाडीतून उतरवण्याआधी वन खात्याकडे जा. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या भूखंडाला १९७५ चा नागरी वृक्ष कायदा लागतो, आणि खाडीकाठच्या तिवरांना तर हातही लावायचा नाही.

क्रम असा ठेवा. ऑक्टोबर अखेरपासून रानमोडी आणि गवत, तीन दातांनी. डिसेंबरात घाणेरीचे थर वरून उतरवा. पाला झडला की बुंधे दिसतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत सुबाभूळ, करवतीने. बेट दाट असेल तर याच काळात क्लीअरिंग सॉवाल्याला बोलवा. मार्चनंतर मशीन ठेवून द्या. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर कुदळी घेऊन घाणेरीचे ठोंब, ऑगस्टात सुबाभळीचे फुटवे. पुढच्या ऑक्टोबरात दोरी पुन्हा आखून तेच तीन चौकोन मोजा. अंगठ्यापेक्षा जाड खोडं पाचाच्या आत आली असतील, तर करवतीचं पातं तेल लावून भिंतीला अडकवा आणि मशीनवर नायलॉनचं डोकं चढवून ठेवा.